चाळिशीनंतरचं प्रगतिपुस्तक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतरची वेळ दिली आहे आणि विषय दिला आहे रक्ततपासणीचा. हा योगायोग आहे की सूड, ते मी विचारलेलं नाही. ज्यांनी तिसऱ्यांदा श्रीखंड घेतलं त्यांच्याकडे मी बोलताना बघणार नाही, एवढं आश्वासन देते.

हा विषय ठरला आपल्या बॅचच्या ग्रुपवर. पंधरा वर्षांपूर्वी त्या ग्रुपवर बाळांचे फोटो यायचे. मग मुलांच्या दहावीच्या टक्केवाऱ्या आल्या. आता सकाळी उठावं तर कुणाचा तरी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आलेला असतो, आणि खाली एक ओळ असते: 'यात तीन ठिकाणी लाल आलंय, काळजीचं काही नाही ना?' त्यावर चौदा उत्तरं येतात. कुणी मेथीचं पाणी सांगतं, कुणी पुण्याच्या एखाद्या वैद्यांचा नंबर देतं, आणि एक जण न चुकता लिहितो, 'माझं तर याच्या दुप्पट आहे, मला काही झालेलं नाही.'

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. कंपन्यांचे हजारो संगणक चोवीस तास चालू असतात, त्यांच्या तब्येतीवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कुठला आकडा कुठे गेला की घंटा वाजवायची आणि कधी वाजवायची नाही, यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट हातात आला की मला तो ओळखीचा वाटतो. आज जे सांगणार आहे ते आपल्याच वर्गातल्या पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने आधी वाचून, दोन ठिकाणी काट मारून मला परत दिलेलं आहे. निदान आणि औषध हे डॉक्टरांचंच काम. पण डॉक्टरांकडे जाताना रिपोर्ट आपल्याला वाचता यावा आणि काय विचारायचं ते कळावं, एवढाच माझा हेतू.

आधी त्या लाल आकड्याबद्दल. रिपोर्टात आपला आकडा, त्याच्या शेजारी एकक आणि शेवटच्या रकान्यात एक पट्टा छापलेला असतो, अमुकपासून तमुकपर्यंत. आकडा त्या पट्ट्याबाहेर गेला की तो ठळक होतो, लाल होतो किंवा शेजारी चांदणी येते. हा पट्टा येतो कुठून? बहुतेक चाचण्यांसाठी पद्धत अशी आहे: बऱ्याच निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून द्यायचे. मधले ९५ टक्के म्हणजे 'नॉर्मल'. म्हणजे शंभर धडधाकट माणसांपैकी पाच जण या व्याख्येनेच बाहेर पडतात. त्यांना काही झालेलं नसतं.

आता बारावीतलं गणित आठवा. एका चाचणीत चांदणी न मिळण्याची शक्यता ०.९५. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर एकाही ठिकाणी चांदणी न मिळण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे जेमतेम ०.३६. शंभर निरोगी माणसांपैकी चौसष्ट जणांच्या रिपोर्टात निदान एक चांदणी येणारच. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी थोड्याफार जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा मागेपुढे होईल, पण मुद्दा तोच राहतो. सत्तर चाचण्यांचं पॅकेज घेतलंत आणि सगळं स्वच्छ आलं, तर तेच नवल.

सगळे पट्टे मात्र असे नसतात. साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या सीमा 'बहुतेकांचं किती असतं' यावरून ठरत नाहीत. कुठल्या आकड्यापुढे आजाराचा धोका वाढतो, यावरून ठरतात. बहुतेकांचं वाढलेलं आहे म्हणून ते नॉर्मल होत नाही. म्हणून पहिला नियम: चांदणी दिसली की घाबरायचं नाही, पण ती कुठल्या रकान्यात आहे ते बघायचं.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. चांदणी नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. आमच्या कामात याचा अनुभव रोज येतो. एखादा संगणक अचानक बंद पडला तर घंटा वाजतेच. पण रोज थोडी थोडी मेमरी खाणारा दोष घंटेच्या रेषेखालून महिनोन्‌महिने सरकत राहतो. तो पकडायचा तर आजचा आकडा पुरत नाही, गेल्या सहा महिन्यांचा आलेख लागतो.

हे मला पटलं ते ऑफिसात, पण उमगलं घरी. माझे बाबा बँकेत होते. निवृत्तीनंतरही त्यांची कागद पंच करून फाइलला लावायची सवय गेली नाही. विजेची बिलं एका फाइलमध्ये, सोसायटीच्या पावत्या दुसरीत आणि रक्ताचे रिपोर्ट तिसरीत, तारखेप्रमाणे. सात वर्षांपूर्वी, ते अडुसष्ट वर्षांचे असताना, वार्षिक तपासणी झाली. हिमोग्लोबिन १३.२. पुरुषांसाठी छापलेला पट्टा १३ ते १७. चांदणी नाही. बाबा खूश. सवयीप्रमाणे ते अख्खी फाइल घेऊन आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि फाइल उलटी चाळायला लागले. आदल्या वर्षी १३.६. त्याच्या आधी १४.३. त्याच्या आधी १४.८. त्यांनी पेन्सिलीने चारही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले. मग त्याच्या शेजारी एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान: ९१, ९०, ८७, ८४. यातही कुठे चांदणी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "या वयाच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन असं पायरी पायरीने उतरत नाही. रक्त कुठेतरी जातंय."

फेरिटिन तपासलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो कमी आला. मग कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ सापडली. लहान होती, पसरलेली नव्हती. शस्त्रक्रिया झाली. बाबा आज पंचाहत्तर वर्षांचे आहेत, आणि आजही मी घरी गेले की पहिला प्रश्न 'लाइट बिल भरलंस का?' हाच असतो.

मंडळी, बाबांना पोटात दुखत नव्हतं, वजन उतरलेलं नव्हतं, एकाही रिपोर्टात एकही चांदणी नव्हती. त्यांना वाचवलं ते एका फाइलने आणि ती उलटी चाळणाऱ्या डॉक्टरांनी. माझ्या आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: तुमच्या रिपोर्टाची तुलना छापलेल्या पट्ट्याशी करा, पण त्याहून आधी ती तुमच्याच जुन्या रिपोर्टांशी करा.

आता रिपोर्टाच्या पानापानाकडे जाऊ. त्याच्याही आधी, रक्त देण्याच्या सकाळकडे.

'उपाशीपोटी या' असं सांगतात. उपाशीपोटी म्हणजे उपवास नव्हे. एकादशी आहे म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊन 'माझा उपासच आहे' असं लॅबमध्ये सांगू नका. आठ ते बारा तास पाण्याशिवाय काही नाही, आणि यात चहासुद्धा आला, बिनसाखरेचाही. पाणी मात्र जरूर प्या, शीर सापडायला सोपं जातं. आदल्या दिवशी जिममध्ये पहिल्यांदाच जोर केला असेल किंवा मिरवणुकीत तीन तास ढोल वाजवला असेल, तर दोन-चार दिवस थांबा, कारण स्नायूंवर ताण आला की एसजीओटीसारखा लिव्हरच्या रकान्यातला आकडाही वाढतो आणि लिव्हर बिचारं निर्दोष असतं.

मैत्रिणींसाठी एक खास सूचना. केस गळतात म्हणून आपल्यातल्या अनेक जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. थायरॉइडची चाचणी करण्याच्या काही पद्धतींमध्ये बायोटिन हाच रसायनाचा भाग असतो. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी दिसू शकतं आणि थायरॉइड वाढल्यासारखा रिपोर्ट येऊ शकतो. रक्त देण्याआधी त्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या, ते डॉक्टरांना किंवा लॅबला विचारा. आणि निदान सांगा तरी, की आपण त्या घेतो.

घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा वेगवेगळ्या रंगांच्या बुचांच्या नळ्या वापरतो, ती शोभा नव्हे. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठत नाही, ती पेशी मोजायला. राखाडी बुचाच्या नळीत फ्लोराइड असतं, ती साखरेसाठी. कारण रक्त नळीत गेलं तरी पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. नमुना दुपारपर्यंत कुणाच्या तरी पाठीवरच्या पिशवीत उन्हात फिरला, तर साखर कमी आणि पोटॅशियम जास्त येऊ शकतं. म्हणून एखादा आकडा अगदीच विचित्र आला, तर गुगलवर आजार शोधण्याआधी डॉक्टरांना विचारून तो पुन्हा तपासून घ्या.

पहिलं पान सीबीसीचं. हिमोग्लोबिनबद्दल आपण बोललो. 'बायकांचं थोडं कमी असतंच' हे वाक्य आपण आपल्या आयांकडून ऐकलं आणि आता आपणही म्हणतो. ते सोडून द्या. बारा ग्रॅमच्या खाली असेल तर कारण शोधायचं. चाळिशीत पाळी अनियमित आणि जास्त जायला लागते, तिथून लोह जातं. ते सहन करायचं नसतं, त्यावर उपाय असतात. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी झालं, तर रक्त कुठून जातंय ते बघितल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन बसायचं नाही. बाबांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा.

सीबीसीमधली एक गंमत इंजिनियर म्हणून मला फार आवडते. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान होतात. बी-१२ कमी पडलं की त्या मोठ्या होतात. एकाच माणसात दोन्ही कमी असलं, तर सरासरी आकारमान अगदी नॉर्मल येऊ शकतं. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं! अशा वेळी आरडीडब्ल्यू नावाचा आकडा बऱ्याचदा चहाडी करतो. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते तो सांगतो. सरासरी पाहून फसायचं नाही, हे सांख्यिकीचं सूत्र इथेही लागू.

आणि ही गोष्ट मुलांसाठी. एमसीव्ही खूप कमी, पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर आणि हिमोग्लोबिन जेमतेम कमी, असं चित्र असेल तर ते लोहाची कमतरता नसून थॅलेसेमिया मायनर असू शकतं. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचं. उत्तर तेराच्या खाली आलं तर शंका घ्यायची. हा ढोबळ ठोकताळा आहे, पक्कं कळतं ते एचबीए-टूच्या चाचणीने. मायनर असणं हा आजार नाही, ती माणसं ठणठणीत असतात. पण नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. मेजर म्हणजे जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं. आपली मुलं आता विशीच्या आसपास आहेत. पत्रिका बघणारे पत्रिका बघोत, पण ही एक चाचणी लग्नाआधी करून घ्या. आयुष्यात एकदाच करावी लागते.

दुसरं पान साखरेचं. उपाशीपोटी १०० च्या खाली उत्तम, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मात्र लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तपासून मगच शिक्कामोर्तब. एचबीएवनसी हा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. त्यामुळे तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करून या आकड्याला फसवता येत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. पण हा हिशेब लाल पेशींच्या आयुष्यावर बेतलेला आहे. लोहाची कमतरता, थॅलेसेमिया मायनर, नुकतंच रक्त चढवलेलं असणं, यांत तो चुकू शकतो. म्हणूनच पहिलं पान वाचल्याशिवाय दुसरं वाचायचं नाही.

'मी कुठे जाडा आहे?' असं म्हणणाऱ्या मित्रांसाठी पुण्याची एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक आणि आतून जाड, असे आपण भारतीय. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेषा २३ वर धरतात, २५ वर नाही. आणि कंबर मोजायची: पुरुषांची ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० सेंटिमीटर. ही चाचणी शिंप्याच्या टेपने होते, फुकट होते, आणि कुठल्याच पॅकेजात नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात मधुमेही आहेत सुमारे १०.१ कोटी आणि उंबरठ्यावर आहेत सुमारे १३.६ कोटी. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, ही त्यातली चांगली बातमी. चालणं, वजन आणि ताटातला भात, एवढ्यावर बरंच होतं.

ग्रुपवरचा एक कायमचा घोटाळाही मिटवून टाकते. टोरंटोहून आपला मित्र लिहितो, 'माझी शुगर ५.६', आणि इथले सगळे त्याला सल्ला देतात की अरे, एचबीएवनसी छान आहे! कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. त्याला १८ ने गुणा. ५.६ म्हणजे आपले १०१. तो उंबरठ्यावर उभा आहे आणि आपण टाळ्या वाजवतोय. एकक बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, यासाठी फिजिक्सच्या सरांनी आपले किती मार्क कापले होते, आठवतं ना?

तिसरं पान कोलेस्टेरॉलचं. यातलं वाईट म्हणवणारं एलडीएल बऱ्याच लॅब थेट मोजत नाहीत, वजाबाकी करून काढतात. फ्रीडेवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलेलं हे सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. एकूण २१०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १८० असेल, तर २१० वजा ४२ वजा ३६, म्हणजे एलडीएल १३२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, तेव्हा थेट मोजणी मागा. आणखी सोपा आकडा म्हणजे एकूणमधून फक्त एचडीएल वजा करायचं. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि ट्रायग्लिसराइड जास्त असताना तो एलडीएलहून जास्त भरवशाचा. एलडीएल किती असावं, याचं सगळ्यांना एक उत्तर नाही. मधुमेह आहे का, बीपी आहे का, तंबाखू-सिगारेट आहे का, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का, यावर ते ठरतं. त्यामुळे 'तुझं १३० चालतं, मग माझं का नाही?' हा वाद घालू नका. वडिलांना किंवा काकांना पन्नाशीच्या आत झटका आला असेल, तर लायपोप्रोटीन-ए ही चाचणी एकदा करून घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ती वाढलेली असणं आनुवंशिक असतं, आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या चाचणीत ती दिसत नाही.

चौथं पान किडनीचं, आणि इथे मी सर-बाईंना उद्देशून बोलते. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून तयार होणारा कचरा, किडनी तो बाहेर टाकते. स्नायू जास्त तर कचरा जास्त. त्यामुळे एकच आकडा दोन माणसांत दोन अर्थ सांगतो. तीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल, तर आजच्या सूत्राप्रमाणे किडनीची चाळणी, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ९३ येते. अगदी उत्तम. सत्तर वर्षांच्या बाईंचं तेच १.१ असेल, तर ईजीएफआर येते सुमारे ५४. साठच्या खाली तीन महिने राहिली तर तो किडनीचा जुनाट आजार मानतात. आणि १.१ ला बऱ्याचदा चांदणी नसते! म्हणून ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या. मधुमेह किंवा बीपी असेल, तर लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी दरवर्षी करा, किडनीचा त्रास ती क्रिएटिनिनच्याही आधी सांगू शकते. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आता पटपट. लिव्हरचं एसजीपीटी थोडं वाढलेलं असेल आणि दारू नसेल, तर आपल्या वयात पहिला संशय फॅटी लिव्हरचा, म्हणजे पुन्हा पोट आणि साखर. टीएसएच वयाप्रमाणे थोडं वाढतं, पाच-सहा आलं म्हणून लगेच जन्मभराची गोळी सुरू होतेच असं नाही. बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतात. बी-१२ मात्र हसण्यावारी नेऊ नका. डॉ. याज्ञिक यांच्याच गटाने पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ६७ जणांचं बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ जणांचं. वरणभात, तूप, लिंबू ही आपली पार्लेकरांची ओळख असली, तरी त्यात बी-१२ फारसं नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर ते तपासा.

शेवटी पॅकेजांबद्दल. 'नव्वद चाचण्या, अमुक रुपयांत' अशी जाहिरात आली की मोजून बघा. एका सीबीसीतच वीस-बावीस चाचण्या मोजलेल्या असतात, दोन आकड्यांचा भागाकार हीसुद्धा वेगळी चाचणी धरलेली असते. कॅन्सर मार्कर फुकट मिळतायत म्हणून करून घेऊ नका. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतं. मग महिनाभर झोप उडते आणि निघत काहीच नाही. उलट ज्या तपासण्या आपल्या वयात खरोखर उपयोगाच्या, त्या रक्तात होतच नाहीत: बीपी, कंबर, मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, दात, डोळे. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून या राहू देऊ नका.

आता गृहपाठ. शाळेत आलोय तर गृहपाठ हवाच. घरी गेल्यावर कपाटातले, ईमेलमधले, फोनमधले सगळे जुने रिपोर्ट काढा. एक कागद घ्या. डावीकडे उभ्या रकान्यात फक्त आठ गोष्टी: हिमोग्लोबिन, एमसीव्ही, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, नॉन-एचडीएल, क्रिएटिनिन, एसजीपीटी, टीएसएच. त्याच्या खाली बीपी आणि कंबर. वर आडवी वर्षं. जमेल तेवढी चौकट भरा. शक्यतो दर वर्षी एकाच लॅबमध्ये, साधारण एकाच पद्धतीने तपासणी करा, म्हणजे आकडे एकमेकांशी बोलू शकतात. हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीनच प्रश्न विचारा: यातलं काय बदलतंय? ते का बदलत असेल? आणि पुन्हा कधी बघायचं? पन्नास पानांची पीडीएफ पुढे केली तर गर्दीच्या वेळी कुठलाही डॉक्टर लाल आकडेच बघणार. एक पान पुढे ठेवलंत तर तो उतार बघेल.

असाच एक कागद आईवडिलांचाही करा. आपल्यातले बरेच जण पार्ल्याबाहेर, काही देशाबाहेर. आईबाबा इथे दोघंच. फोनवर ते सांगतात, 'रिपोर्ट नॉर्मल आहे.' ते खोटं बोलत नसतात. त्यांनी चांदण्या मोजलेल्या असतात, एवढंच. पुढच्या वेळी त्यांना विचारा, 'गेल्या वर्षी किती होतं?'

सर, बाई, आमच्या प्रगतिपुस्तकात तुम्ही एकाच परीक्षेचे मार्क कधी बघितले नाहीत. पहिल्या घटक चाचणीपासून वार्षिकपर्यंत सगळे रकाने शेजारी शेजारी असायचे आणि पालकसभेत तुम्ही बोट ठेवून सांगायचात, 'पास झालाय, पण गणितात घसरतोय, लक्ष द्या.' ते पुस्तक वाचायची तुमची रीत बरोबर होती. या पुस्तकासाठीही आम्ही तीच वापरणार आहोत.

ज्यांना कोरा तक्ता हवा असेल, त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर दोनशे प्रती ठेवल्या आहेत. अक्षर मोठं छापलंय, चष्मा विसरलेल्यांची सोय म्हणून. प्रत्येकाने दोन घ्या, एक स्वतःसाठी आणि एक घरच्या मोठ्यांसाठी.